बरोबरीतला न्याय

२८ सप्टेंबर २०२५ हा अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलच्या साखळी सामन्यांचा शेवटचा दिवस. त्या दिवशी न्यूयॉर्क मेट्स हा संघ मायामीकडून ४-० असा हरला. त्याच दिवशी सिनसिनाटी रेड्सही मिलवॉकीकडून हरले. दोघांचे १६२ सामने संपले, तेव्हा हिशेब अगदी सारखा होता : ८३ विजय, ७९ पराभव. बाद फेरीत मात्र जागा एकच उरली होती. ती रेड्सना मिळाली. मेट्सचा हंगाम तेथेच संपला. दोघेही हरले, पण एकासाठी दार उघडले आणि दुसऱ्यासाठी ते बंद झाले.

हे कोणत्या न्यायाने घडले? नॅशनल आणि अमेरिकन या दोन लीगमधून प्रत्येकी सहा संघ बाद फेरीत जातात : तीन विभागांचे तीन विजेते आणि उरलेल्यांपैकी सरस ठरलेले तीन. विजयांची बरोबरी झाली, तर प्रथम त्या दोन संघांमधील परस्पर सामने पाहतात. तेथेही निकाल लागला नाही, तर स्वतःच्या विभागातील संघांविरुद्धची कामगिरी आणि त्यानंतर लीगमधील इतर विभागांविरुद्धची कामगिरी पाहतात. मेट्स आणि रेड्स जुलै व सप्टेंबर मिळून सहा वेळा भेटले होते. त्यांपैकी चार सामने रेड्सनी जिंकले होते.

पूर्वी अशा वेळी आणखी एक सामना खेळवीत. १९७८ मध्ये न्यूयॉर्क यांकीज आणि बोस्टन रेड सॉक्स यांचे प्रत्येकी ९९ विजय झाले, तेव्हा जादा सामन्यात यांकीजनी ५-४ अशी बाजी मारली. २०२२ मध्ये बाद फेरी बारा संघांची झाली आणि ही प्रथा बंद पडली. आता मैदानाऐवजी कागद बोलतो.

येथे एक आक्षेप सहज सुचतो. ते सहा सामने १६२ सामन्यांच्या हिशेबात आधीच धरलेले होते. मग तेच पुन्हा का मोजावेत? समानांना असमान वाटा मिळाला की भांडणे आणि तक्रारी जन्मास येतात, असे ॲरिस्टॉटलने न्यायाचा विचार करताना म्हटले आहे. येथे तर समानांपैकी एकाला सर्व मिळाले आणि दुसऱ्याला काहीच नाही. हा अन्याय नव्हे काय?

उत्तरासाठी २००८ सालाकडे पाहू. शिकागो व्हाइट सॉक्स आणि मिनेसोटा ट्विन्स बरोबरीत होते. जादा सामना कोणाच्या मैदानावर व्हावा, हे तेव्हा नाणेफेकीने ठरत असे. परस्परांतील १८ सामन्यांपैकी १० ट्विन्सनी जिंकले होते, तरी नाणे शिकागोच्या बाजूने पडले आणि शिकागोने तो सामना १-० असा जिंकला. नाणे पक्षपात करीत नाही हे खरे. पण ते कोणाचे श्रमही पाहत नाही. २००९ पासून नाणेफेक गेली आणि परस्पर सामन्यांचा निकष आला. त्याच वर्षी ट्विन्स पुन्हा बरोबरीत आले. या वेळी सामना त्यांच्याच मैदानावर झाला आणि डेट्रॉइटविरुद्ध त्यांनी तो ६-५ असा जिंकला.

यावरून असे दिसते की, समानांतून एकाची निवड करणे भागच असेल, तर नियम आधी जाहीर झालेला असावा, तो दोघांनाही सारखाच लागू असावा आणि शक्यतो दोघांच्या कष्टातूनच त्याने उत्तर शोधावे. हे पाळले, तर वाटा असमान असूनही वागणूक समान राहते. म्हणून रेड्सना मिळालेली जागा न्याय्य होती, असे मला वाटते.

परंतु खरा धोका निर्णयानंतर सुरू होतो. बाहेर राहिलेल्याचे दोष शोधून आपण निर्णयाला गुणवत्तेचा मुलामा देतो. जूनच्या मध्याला मेट्सचे ४५ विजय आणि २४ पराभव होते. तेव्हा साऱ्या बेसबॉलमध्ये त्यांची कामगिरी सर्वोत्तम होती. पुढच्या ९३ सामन्यांत ते ५५ हरले. तेव्हा त्यांची लायकीच नव्हती, असे म्हणणे सोपे आहे. पण रेड्सही तितकेच, ७९ वेळा, हरले होते, हे आपण विसरतो. नियमाने जागेचा प्रश्न सोडविला. श्रेष्ठ कोण, हा प्रश्न त्याने सोडविलेला नाही.

आपल्या जीवनातही जागा एक आणि पात्र माणसे दोन, असा प्रसंग वारंवार येतो. दोन उमेदवारांचे गुण सारखे येतात आणि जन्मतारीख पाहून एकाला नोकरी दिली जाते. अशा वेळी दुसऱ्याला दोन गोष्टी समजण्याचा हक्क आहे : आपण कोणत्या नियमाने मागे राहिलो, आणि आपण कमी ठरलेलो नाही. पहिली गोष्ट नियमपुस्तक सांगते. दुसरी आपणच सांगावयाची असते आणि बहुधा तीच सांगावयाची राहून जाते. निवडला गेलेला मनुष्य जर स्वतः ती सांगू शकला, तर बरोबरी मोडूनही शिल्लक राहते.