निशाणी आणि दस्तुर

मुलाचा हात आपल्या मुठीत धरून वहीत जे अक्षर उमटविले जाते, ते कोणाचे मानावयाचे? प्रश्न ऐकताच वकिली काथ्याकूट म्हणून वाचक हसतील. परंतु दिवेलागणीनंतर आपल्या घराघरांतून जे चालते ते क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. शुभंकरोति आटोपलेली असते, चार रेघी वही उघडलेली असते, चार-साडेचार वर्षांचे मूल पेन्सिल धरून बसलेले असते आणि इंग्रजीची मोठी एबीसीडी पानभर उतरवून न्यावयाची असते. मुलाचा ‘बी’ फुगतो, ‘एस’ उलटा वळतो, ‘के’चे पाय रेघेखाली घसरतात. तिकडे कुकरची शिटी होते, इकडे आईचा किंवा वडिलांचा धीर सुटतो. मुलाचा हात पकडला जातो आणि पाच मिनिटांत पान पुरे होते. दुसऱ्या दिवशी त्याच पानावर लाल शाईत ‘छान’ असा शेरा पडतो. हा शेरा कोणाला मिळाला, याचा विचार घरातील वडीलधारे करीत नाहीत. मूल मात्र करीत असावे, असा आमचा समज आहे.

आमच्या वाचकांच्या मुलांवर लिप्यांचे ओझे काहीसे अधिकच. गोव्यात देवनागरी आणि रोमी, बेळगावात त्यांच्या जोडीला कन्नड, हैदराबादेत तेलुगू, बडोद्यास गुजराती. देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते, गुजरातीने ती रेघ टाकून दिली, आणि रोमी अक्षर खालच्या रेघेवर पाय रोवून उभे राहते. शिवाय अक्षरांत थोरले-धाकटे हा भेद या सर्वांत एकट्या रोमीतच आढळतो. आपला ‘र’ रामाच्या आरंभी आला काय आणि रस्त्याच्या आरंभी आला काय, त्याची उंची तीच. रोमी लिपीत मोठी अक्षरे जुनी; रोम शहरात इ. स. ११३ मध्ये उभारलेल्या ट्रेजनच्या स्तंभावरील लेख त्याच अक्षरांत आहे. लहान अक्षरांना रेखीव रूप आले ते शार्लमेनच्या काळात, इ. स. ८०० च्या सुमारास.

मोठ्या लिपीपासून आरंभ करण्याची वहिवाट निराधार नाही. तीत सगळी अक्षरे एका उंचीची, बहुतेक सरळ रेघांची. लहान ‘बी’, ‘डी’, ‘पी’, ‘क्यू’ ही एकमेकांची आरशातली रूपे मुलाला चकवितात, तशी फसगत येथे होत नाही. परंतु हाताचे पंचांग वेगळे असते. सामान्यतः तिसऱ्या वर्षी मूल वर्तुळ उतरविते, चौथ्याच्या सुमारास आडवी-उभी फुली, पाचव्याच्या आगेमागे चौकोन आणि त्रिकोण. तिरकी रेघ त्याला उशिरा साधते. म्हणून ‘एल’, ‘टी’, ‘एच’ आधी जमतात. ‘के’, ‘एम’, ‘डब्ल्यू’ मागाहून. आणि वर्णमालेचा पहिला मान मात्र दोन तिरक्या रेघांच्या ‘ए’कडे! अक्षर उलटे काढणे हेही सहा-सात वर्षांपर्यंत नित्याचे आहे. त्यात आळस नाही, अवज्ञा नाही. असे असता ज्या हाताची वेळ अद्याप आलेली नाही, त्याच्याकडून सुबक पान वसूल करणे हे मुदतीपूर्वी केलेल्या वसुलीच्या दाव्यासारखे आहे.

आता आमच्या व्यवसायातील चार गोष्टी. १८७२ च्या करार कायद्याचे १६ वे कलम गैरवाजवी दडपणाविषयी आहे. एक पक्ष दुसऱ्याच्या इच्छेवर सत्ता गाजवू शकेल अशा स्थितीत असून त्याने त्या स्थितीचा गैरफायदा घेतला, तर दुसऱ्याची संमती मोकळी मानली जात नाही. आई-बाप आणि मूल यांच्याइतके असमान पक्ष दुसरे कोणते? यावर कोणी विद्वान मित्र म्हणतील की मूल कायद्याने अज्ञान. त्याच्या संमतीला किंमतच नाही. खरे आहे. परंतु कायद्याने त्याला अज्ञान ठरविले ते त्याच्या रक्षणासाठी. पालकाने त्याच्या नावावर वाटेल ते लिहावे यासाठी नव्हे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी केली. ते कलम शाळेपुरते आहे. घराच्या उंबरठ्याच्या आत मुलाला उरतो तो आपला विवेक.

मग हात धरूच नये काय? असे आम्ही म्हणत नाही. १९२५ च्या वारसा कायद्याचे ६३ वे कलम पाहावे. मृत्युपत्रावर करणाऱ्याने सही करावी, निशाणी करावी, अथवा त्याच्या समक्ष आणि त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याने सही करावी, असे तेथे सांगितले आहे. (गोव्याचा वारसाविषयक कायदा निराळा आहे हे आम्ही जाणतो, येथे तत्त्वापुरताच आधार घेतो.) दुसऱ्याचा हात निषिद्ध नाही, मात्र सांगणारा तो स्वतः असला पाहिजे. आपल्या जुन्या मराठी कागदपत्रांत ही शिस्त फार सुंदर रीतीने पाळलेली दिसते. लिहिता न येणारा कुणबी कागदाखाली नांगर काढी. ‘निशाणी नांगर’ ही त्याची. आणि लेखणी ज्याने चालविली त्याचे नाव ‘दस्तुर’ म्हणून वेगळे. निशाणी वेडीवाकडी असली म्हणून तिची किंमत उणी होत नसे, आणि लेखकाचे वळणदार अक्षर कुणब्याच्या नावावर खपविलेही जात नसे. १८९७ च्या सर्वसाधारण परिभाषा कायद्यातही लिहिता न येणाऱ्याची निशाणी ही सहीच धरली आहे. चार वर्षांच्या मुलाचा लंगडा ‘ए’ आम्ही याच सदरात धरतो.

येथे आमच्या देवस्थानांच्या मंडळींकडून एक सार्थ आक्षेप येईल. विजयादशमीला विद्यारंभाच्या वेळी वडील मंडळी तांदळावर मुलाचे बोट धरून अक्षर काढून घेतातच ना? गोदाकाठी बासरला सरस्वतीच्या दारी अक्षराभ्यासासाठी लोक लांबून मुले नेतात, तेथेही हात धरलेलाच असतो. होय; पण तो विधी उघड्यावर होतो. ते अक्षर मुलाने एकट्याने काढले असा दावा तेथे कोणी करीत नाही, कोणी शेरा देत नाही, आणि ताटातील तांदूळ हलविले की अक्षर जाते. धूळपाटीचे मर्मही तेच होते. चुकलेले अक्षर तळहाताने पुसले जाई, वर्षभर वहीत साक्षीला राहत नसे. दासबोधातील एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी समर्थांनी लेखनक्रियेचे निरूपण केले आहे आणि आरंभापासून ग्रंथ संपेपर्यंत अक्षर एकसारखे राहावे अशी कडक अपेक्षा धरली आहे. परंतु ती अपेक्षा लिहिण्याची इच्छा धरून बसलेल्या लेखकाकडून आहे, पेंगुळलेल्या बालकाकडून नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक कठीण आहे. सक्तीशिवाय वळण लागत नाही, असे म्हणतात. मराठीत ‘वळण’ हा शब्द अक्षराला आणि आचरणाला एकच आहे, आणि म्हणूनच आम्ही या प्रश्नाला नीतीचा प्रश्न समजतो. हात ओढून अक्षराला वळण लागेलही एक वेळ. पण ज्या मुलाच्या पानावर रोज दुसऱ्याचे अक्षर त्याचे म्हणून जाते, त्याच्या आचरणाला कोणते वळण लागत आहे? दुसऱ्याच्या श्रमावर आपले नाव चालते, आणि आई-बापांची त्याला हरकत नसते, हा धडा ते एबीसीडीच्या आधी शिकते.

डावखुऱ्या मुलांविषयी येथे थोडे थांबले पाहिजे. प्रसाद उजव्या हाताने घ्यावा, ही आमच्या घरांतील रीत. तिच्याशी आमचे भांडण नाही. पण तीच रीत ताणून पेन्सिलही डाव्या हातातून हिसकावून उजवीत देणारी घरे आजही आहेत. प्रसाद घेणे क्षणाचे, लेखन जन्माचे. ज्या हाताने मूल आपण होऊन पेन्सिल उचलते, तो हात त्याने मागून घेतलेला नाही. तो बदलण्यासाठी धर्माचा आधार पुढे करणाऱ्यांनी तसे वचन दाखवावे, असे आमचे आव्हान आहे. देवापुढची रीत देवापुढे पाळावी. अशा मुलाची वही जरा तिरपी ठेवून आपण त्याच्या दुसऱ्या बाजूस बसलो, तर पुष्कळ काम होते.

बाकी साहाय्याचे प्रकार साधे आहेत. पेन्सिलीचा किंवा खडूचा लहानसा तुकडा द्यावा. तो मुठीत धरता येत नाही, बोटांतच धरावा लागतो. अक्षर वरून खाली काढावयाचे, एवढे आपण शेजारच्या कागदावर काढून दाखवावे. त्याच्या कागदावर नव्हे. आधी अंगणातील ओल्या मातीत, रव्याच्या ताटात हात फिरू द्यावा. मारिया माँटेसरी खरकागदाची अक्षरे करून मुलांच्या बोटांखाली देत. आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी तीच दृष्टी भावनगरच्या बालमंदिरातून रुजविली, आणि पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी ती बोर्डीच्या खेड्यात नेली. वर्णमालेच्या क्रमाचा हट्ट सोडून मुलाच्या नावाचे पहिले अक्षर आधी घ्यावे; ते बहुधा आपण होऊन शिकले जाते. आणि खोडरबर पालकांच्या हाती असू नये.

तरीही कधी मूल स्वतःच म्हणते, ‘आई, हात धर ना.’ तेव्हा अवश्य धरावा. फक्त ती ओळ झाल्यावर पानाच्या कडेला बारीक अक्षरांत ‘दस्तुर आई’ असे लिहावे आणि खालची ओळ, कशीही येवो, मुलाला सोडावी. शिक्षकांना हसू येईल, येऊ द्यावे. उद्या वर्गात या मुलाला कोणत्या ओळीपासून शिकवावयाचे, हे त्यांना निदान त्या पानावरून कळेल.