हिरा, घण आणि पारखी

हिऱ्याचा दृष्टांत आपल्या वारकरी संप्रदायात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ऐरणीवर ठेवून घणाचे घाव घातले तरी जो टिकतो तो खरा हिरा, आणि जगाचे आघात जो सोसतो तो संत, असे तुकोबाराय सांगतात. मंगळवार पेठेत एका सप्ताहात हा दृष्टांत लावून मी गादीवरून उतरलो, तेव्हा गुजरीत सराफाच्या पेढीवर काम करणारा एक तरुण पाया पडला आणि हळूच म्हणाला, "महाराज, राग मानू नका, पण घणाखाली खरा हिरासुद्धा फुटतो." टाळकरी मंडळी हसली. मला मात्र त्याचे बोलणे हसण्यावारी नेण्याजोगे वाटले नाही.

तो पोरगा म्हणतो ते खरे आहे. कठीण असणे निराळे आणि न फुटणे निराळे. हिऱ्यावर दुसऱ्या दगडाचा ओरखडा उठत नाही; त्याला घासायला हिऱ्याचीच भुकटी लागते, इतका तो कठीण. परंतु त्याच्या अंगात ठरावीक दिशांनी जाणारे पदर असतात. त्या दिशेने घाव बसला की तो सरळ चिरतो. हे ओळखूनच जुने कारागीर पाते लावून एका हलक्या ठोक्यात हिऱ्याचे दोन भाग करीत. मग घणाने परीक्षा घ्यायची म्हटले तर खोटा फुटेल आणि खराही फुटेल. परीक्षा झाली म्हणायची, पण हाती काय उरले? चुराच ना!

मग पारखावे कसे? वराहमिहिराने बृहत्संहितेत वज्राची परीक्षा सांगितली आहे. आठ पांढऱ्या मोहऱ्या म्हणजे एक तांदूळ, आणि वीस तांदूळ भरणाऱ्या उत्तम हिऱ्याचे मोल दोन लक्ष, असा हिशोब तो मांडतो. काकपद म्हणजे कावळ्याच्या पावलासारखी खूण, माशी, केस, खडे, असे दोषही सांगतो. खरा हिरा पाण्यावर तरतो असेही तिथे म्हटले आहे. ते मात्र घडत नाही. हिरा पाण्याच्या साडेतीनपट जड, तो बुडणारच. शास्त्राचा मान राखावा, पण त्यासाठी हिऱ्याला तरंगायला सांगू नये.

आजचे जवाहिरे चार गोष्टी पाहतात: वजन, रंग, निर्मळपणा आणि घाट. वजन कॅरटात, म्हणजे ग्रॅमच्या पाचव्या हिश्शात. रंगाची गंमत अशी, की पांढऱ्या हिऱ्यात रंग जितका कमी तितके मोल अधिक. पिवळट झाक किती आहे हे ठरविलेल्या नमुन्याच्या हिऱ्यांशेजारी ठेवून पाहतात. निर्मळपणा दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली पाहतात. आणि इथे मला या धंद्याचे कौतुक वाटते. अगदी निर्दोष हिरा फार दुर्मिळ. म्हणून डाग दिसला की हिरा कोणी गटारात टाकीत नाही. डाग कोठे आहे, केवढा आहे, प्रकाशाच्या वाटेत येतो की कडेला आहे, हे कागदावर लिहितात आणि त्याप्रमाणे किंमत करतात. सबंध तपासणीत घणाचे काम कोठेच नाही. उजेड हवा, भिंग हवे, आणि पाहणाऱ्याला सवड हवी.

घाटाची गोष्ट तर आपल्याच मुलखातली आहे. त्र्यंबकेश्वरी, जिथे आपल्या निवृत्तिनाथांची समाधी आहे, तिथल्या शिवमंदिरात एक मोठा हिरा होता. नाशिकचा हिरा म्हणून जग त्याला ओळखते. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी तो विलायतेस नेला. देवाचा हिरा गेला याचे दुःख आहेच. तेव्हा त्याचे वजन नव्वद कॅरटांच्या आसपास होते. आपल्याकडची जुनी रीत वजन राखण्याची. तिकडच्यांनी तेजासाठी वजन सोडले. लंडनमध्ये एकदा आणि पुढे १९४० साली न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी पुन्हा त्याला पैलू पाडले. आता तो ४३ कॅरटांवर आला आहे. निम्म्याहून अधिक भाग घासून गेला, आणि त्याचे तेज खुलले. पण हे घासणे किती बेताचे! अंगातले पदर ओळखून, रोज थोडे थोडे, पुन्हा पुन्हा उजेडात धरून.

हे सारे सांगण्याचे कारण निराळेच आहे. काही वर्षांपूर्वी पंढरीच्या वाटेवर एका दिंडीत नवा माळकरी आला होता. पूर्वी दारूच्या नादी होता. ते सोडून त्याने माळ घातली होती. दिंडीतल्या एका वडीलधाऱ्यांनी त्याला पारखायचे ठरवले. चार लोकांत जुने सगळे काढायचे, ताटावर टोचून बोलायचे, भजनात मागे सारायचे. मी म्हटले, "बुवा, जरा सांभाळून." तर म्हणाले, "घण सोसला तर हिरा, नाहीतर गारगोटी!" सांगोल्याच्या मुक्कामी पहाटे तो गडी पिशवी उचलून निघून गेला.

तुकोबारायांच्या अभंगात सोसणारा संत आहे आणि आघात करणारे जग आहे. आघात करण्याचे काम त्यांनी वारकऱ्याकडे कोठे दिले? जग ते न सांगता करीतच असते. घरात नवी सून येते, फडावर नवा शिष्य येतो, तिथेही आपण हाच दृष्टांत पुढे करून घण उचलतो, आणि माणूस मोडला की म्हणतो, कच्चाच होता. अहो, कच्चा होता की तुमचा घाव नेमका त्याच्या पदरावर बसला, हे कोणी पाहिले?

तो गडी पुढे कुठल्याच दिंडीत चालला नाही. पण आषाढीला दिंड्या त्याच्या गावावरून जातात, तेव्हा तो घागर घेऊन रस्त्याच्या कडेला उभा असतो आणि त्या बुवांनाही वाकून पाणी देतो.