कर्त्याचे नाव सांगा

दिंडोशीच्या वसाहतींतून गणेशोत्सवाच्या निमित्ताने चित्रपटविषयक प्रश्नमंजूषेचा जो खेळ रंगतो, त्याची गोडी त्या परिसराच्या भूगोलातच आहे. कारण १९७७ साली शासनाने उभारलेली आणि पुढे दादासाहेब फाळक्यांच्या नावाने ओळखली जाऊ लागलेली चित्रनगरी येथून हाकेच्या अंतरावर आहे. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक कोणत्या कथापटास, असा सवाल होताच 'श्यामची आई' असा गलका उठतो, दिग्दर्शक कोण, तर आचार्य अत्रे, साल १९५४, आणि गुण पदरात पडतो. फाळक्यांच्या नावाचा पहिला पुरस्कार, १९६९ सालचा, देविकाराणींस मिळाला, हेही शेंबड्या पोरास पाठ असते.

या बिनचूक उत्तरांत एक तात्त्विक प्रश्न दडलेला आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीस पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, नाना प्रकारची करणे, विविध चेष्टा आणि पाचवे दैव, आणि जो केवळ स्वतःसच कर्ता समजतो त्याला खरे दिसत नाही, असा तेथे स्पष्ट निवाडा आहे. हा निवाडा कर्म करणाऱ्याच्या अहंकारास उद्देशून आहे, हे मान्य. परंतु पदक देणाऱ्या समितीस आणि प्रश्न विचारणाऱ्या सूत्रधारास तो लागू नाही, असे कोणी सांगितले? 'श्यामची आई' साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. गुरुजी १९५० साली गेले, चित्रपट १९५३ साली पडद्यावर आला, आणि जिच्या संस्कारांवाचून यातले काहीच घडले नसते ती माउली तर त्यापूर्वीच कैक वर्षे निवर्तलेली. पदकाच्या दप्तरात या हिशेबाला रकाना नाही.

त्याहून बोलका दाखला खुद्द फाळक्यांच्या घरातला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात लागलेल्या 'राजा हरिश्चंद्र'चा निर्माता कोण, हा प्रश्न इतका सोपा की तो विचारणे म्हणजे गुण फुकट वाटणे. तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या पुरुष नटाने केली, हेही चाणाक्ष स्पर्धक सांगतो. पण दिवसा सगळ्या मंडळींचा स्वयंपाक रांधून, भर उन्हात प्रकाश परतवण्यासाठी पांढरी चादर धरून उभी राहणारी, आणि रात्री कोऱ्या फिल्मच्या कडांना अंधारात छिद्रे पाडणारी सरस्वतीबाई फाळके कोणाच्या जिभेवर येत नाही. आता पुरस्कारांत छायालेखन, ध्वनी, वेशभूषा यांचे निराळे विभाग आहेत आणि कोल्हापूरच्या भानू अथय्यांना 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३ साली ऑस्कर मिळाले, हे मी विसरलेलो नाही. तथापि तो न्याय विभागाच्या प्रमुखापर्यंत पोहोचून थांबतो, आणि चित्रनगरीत रात्रपाळी करून पहाटे दिंडोशी आगाराची बस गाठणारा लाइटमन नामावलीच्या शेवटी, प्रेक्षक उठून चालू लागल्यावर, पडद्यावरून सरकून जातो.

यावर एक वजनदार आक्षेप संभवतो. दिंडोशीलाच सत्र न्यायालय आहे. तेथे एखाद्या आरोपीने, गुन्ह्यास पाच कारणे असतात आणि मी त्यांपैकी केवळ एक, अशी कैफियत दिली, तर ती कोणी ऐकून घेणार नाही, आणि ते योग्यच होईल. मग दोषाची जबाबदारी एकाच्या माथी आणि श्रेयाची मात्र वाटणी, हा दुटप्पीपणा नव्हे काय? मला तसे वाटत नाही. दोष एका ठिकाणी बांधावा लागतो तो पुढचा अनर्थ टळावा म्हणून. श्रेयाच्या बाबतीत अशी कोणतीच निकड नाही, तेथे आपण केवळ सोयीसाठी, एका शब्दात उत्तर बसावे म्हणून, चौघांना वगळतो. तेव्हा उत्सव मंडळांनी पुढल्या खेपेस 'राजा हरिश्चंद्र'च्या प्रश्नाला फाळक्यांच्या नावाचा अर्धाच गुण द्यावा, आणि उरलेला अर्धा, ती छिद्रे कोणी पाडली, हे सांगणाऱ्यासाठी राखून ठेवावा.