घागर आणि साल

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातल्या शेतकरी घरात दोन व्यवहार होतात, आणि ते एकाच दिवशी होतात याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. एक घरातला. पितरांच्या नावाने मातीची नवी घागर पाण्याने भरायची, तिच्यावर डांगर ठेवायचं, सांजोरी आणि आमरसाचा नैवेद्य दाखवायचा. दुसरा ओट्यावरचा. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, जुनं साल त्या दिवशी फिटतं आणि नवं ठरतं: रोख किती, धान्य किती, उचल किती द्यायची, खाडे किती चालतील. घागर भरणारा पुण्य जोडतो, साल ठरवणारा घासाघीस करतो. आत हात सैल असतो, बाहेर आवळलेला, आणि हात एकाच माणसाचा असतो. श्रीमंताने आपल्या पैशात गरिबाला वाटा द्यावा का, हा प्रश्न आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घागरीच्या बाजूने विचारला गेला. गेल्या शंभर वर्षांत तो हळूहळू सालाच्या बाजूला सरकला. हे सरकणं जळगाव-धुळ्याच्या पट्ट्यात फार जवळून पाहता येतं.

सुरुवात अमळनेरपासून करावी लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीमंत प्रताप शेठ यांनी इथे कापडगिरणी उभी केली. भोवती कपाशीचा मुलूख, तापीच्या खोऱ्यातून नुकतीच गेलेली रेल्वे, आणि हाताला काम शोधणारी माणसं. गिरणी चालली, आणि तिच्या नफ्यातून गावाला पुष्कळ काही मिळालं. १९१६ साली इथे तत्त्वज्ञान मंदिर उभं राहिलं, शाळेला शेठजींचं नाव लागलं, पुढे १९४५ मध्ये प्रताप कॉलेज निघालं. तालुक्याच्या गावात, सरकी आणि गाठींच्या वासात, शंकराचार्यांच्या अद्वैतावर संशोधन करणारी संस्था काढावी असं एका गिरणीमालकाला वाटलं, ही गोष्ट आजही थक्क करते. तिची टिंगल करणाऱ्यांनी आपल्या गावच्या श्रीमंतांनी काय काढलं ते आधी पाहावं. पण दानाचा जुना स्वभाव याही दानात होताच. शेठजींना वाटलं म्हणून तत्त्वज्ञान मंदिर झालं. त्यांना देवळावर सोन्याचा कळस चढवावासा वाटला असता तर तोही चढला असता, आणि गाव तितकंच कृतज्ञ राहिलं असतं. घेणाऱ्याला काय हवं, हे दानात देणारा ठरवतो.

याच तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला साने गुरुजी आले, आणि १९२४ ते १९३० ते प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. पुढे तेच गुरुजी धुळे-अमळनेरच्या गिरणी कामगार युनियनचे अध्यक्ष झाले. १९३८ च्या अतिवृष्टीत पूर्व खानदेशातली पिकं गेली, तेव्हा शेतसाऱ्याची सूट मागायला त्यांनी शेतकऱ्यांचे मोर्चे कचेरीवर नेले. शेठजींचं नाव असलेल्या शाळेत शिकवलेला माणूस गिरणी कामगारांच्या बाजूला जाऊन उभा राहतो, याला कुणी कृतघ्नपणा म्हणेल. मला ते या सगळ्या कहाणीतलं पहिलं मोठं वळण वाटतं. शाळा नफ्यातून निघते आणि नफा मजुरी दिल्यावर जे उरतं त्यातून. मजुरी किती द्यायची हे ठरायचं राहिलंच असेल तर दानाची रक्कम नेमकी कुणाच्या खिशातून आली, हेही ठरायचं राहतं. दानाबद्दल आभार मानावेत, पण आभार मानले म्हणून मजुरीचा हिशेब मिटत नाही. १९३८ च्या त्या मोर्चांआधी दोन वर्षं, डिसेंबर १९३६ मध्ये, फैजपूरला काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं. नेहरू अध्यक्ष होते आणि ठरावात शेतसारा, खंड आणि कर्ज हे विषय होते. दानधर्माने सुटतील असे हे विषय नव्हतेच.

विचाराची खरी उलथापालथ मात्र धुळ्याच्या तुरुंगात झाली होती, आणि तीही गीतेच्या निमित्ताने. १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार विनोबांनी तिथे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचनं दिली. ती टिपून घेतली साने गुरुजींनी, म्हणून ती आज आपल्यापर्यंत आहेत. त्या वर्षी त्याच तुरुंगात जमनालाल बजाजही होते, म्हणजे श्रीमंतीचं काय करायचं हा प्रश्न ज्याच्या पुढ्यात रोजचा होता असा माणूस. सतराव्या अध्यायात यज्ञ, दान आणि तप येतात. विनोबांनी त्यांची मांडणी हिशेबाच्या भाषेत केली: सृष्टीची झीज भरून काढणं हा यज्ञ, समाजाचं ऋण फेडणं हे दान, शरीराची शुद्धी हे तप. माणूस असहाय जन्मतो, समाज त्याला वाढवतो, म्हणून समाजाला देणं हा उपकार होत नाही, ती फेड असते. शब्द जुनाच, पण त्याची जमाखर्चातली बाजू बदलली. आजवर दाता धनको होता, लोक त्याचे ऋणी होते. विनोबांनी दात्यालाच ऋणको केलं. पुण्याच्या कल्पनेला याहून मोठा धक्का खानदेशात तरी कुणी दिलेला नाही.

गांधींचा विश्वस्ताचा विचार याच वाटेवरचा. श्रीमंताने संपत्ती स्वतःची न मानता समाजाची ठेव म्हणून सांभाळावी. अमेरिकेत अँड्र्यू कार्नेगीने १८८९ मध्ये असंच काहीसं लिहिलं होतं, पण पैसा कुठे खर्चायचा याची अक्कल कमावणाऱ्यालाच अधिक असते असा त्याचा पक्का समज होता. गांधींच्या विश्वस्ताला तेवढी मोकळीक नाही. किशोरलाल मश्रूवाला आणि नरहरी परीख यांनी तयार केलेल्या आणि गांधींनी सुधारलेल्या मसुद्यात मालकीवर कायद्याने बंधन घालायला जागा ठेवलेली आहे. विश्वस्ताचं नाव घेऊन कायद्याला विरोध करणारे हा भाग सोयीने वगळतात. तरीही एक गाठ सुटलेली नव्हती. ऋण मान्य झालं, पण वसुली करायची कुणी? ती ऋणकोकडेच राहिली. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत चाळीस दलित कुटुंबांनी ८० एकर मागितले, रामचंद्र रेड्डींनी १०० एकर दिले आणि भूदान सुरू झालं. मला घरातला सहावा मुलगा समजा आणि सहावा हिस्सा द्या, असं विनोबा गावोगाव मागत चालले. देशभर चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन मिळाली, हे खरंच अद्भुत होतं. पण उद्दिष्ट पाच कोटी एकरांचं होतं, आणि मिळालेल्यातली बरीच जमीन खडकाळ, वादातली किंवा कधीच वाटली न गेलेली निघाली. सहावा हिस्सा कुठला, हे देणारा ठरवत होता. बांधापलीकडचा मुरमाड तुकडा दानपत्रात लिहून मोकळं होणं त्याला कुणी नाकारू शकत नव्हतं.

वीस वर्षांनी शहाद्यात धनको स्वतः वसुलीला आला. शहादा-तळोदा तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. तापीकाठची काळी जमीन एकेकाळी भिल्लांच्या ताब्यात होती. ती सावकारीच्या कागदांतून हळूहळू बागायतदारांकडे गेली, आणि भिल्ल त्याच जमिनीवर सालदार म्हणून राबू लागला. ३० जानेवारी १९७२ ला, गांधींच्या पुण्यतिथीला, शहाद्याला भूमुक्ती मेळावा झाला. या हालचालीत आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती होते, सर्वोदयाची माणसंही होती, आणि तिच्यातून पुढे श्रमिक संघटना उभी राहिली. भूदान आणि भूमुक्ती यांत एकाच शब्दाचा फरक आहे, पण मागणारा बदलला. भूदानात भूमिहीनासाठी संत मागत होता. भूमुक्तीत भूमिहीन स्वतः बोलत होता, आणि तो सातबाऱ्याचा जुना उतारा व सालाचा दर या दोन गोष्टी बोलत होता. त्या काळातला सगळा संघर्ष शांततेने झाला असं नाही, आणि बागायतदारांची बाजू पूर्ण खोटी होती असंही नाही. कित्येकांनी विहिरी खोदून त्या जमिनीवर खरंच कष्ट केले होते. पण १९७४ च्या कायद्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या आदिवासींच्या जमिनी परत करण्याची तरतूद केली, ती कुणाच्या हृदयपरिवर्तनाची वाट पाहून झाली नाही. कायद्याची अंमलबजावणी रखडली, पण एरवी मागणी करायला कागदच नव्हता.

त्याच वर्षांत पडलेल्या दुष्काळात महाराष्ट्राने आणखी एक गोष्ट केली, जिची दानाच्या इतिहासात कुणी नोंद घेत नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. तिच्या खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर लावला, आणि सरकारने त्यात तेवढीच भर घालायची असं ठरलं. जळगावच्या बँकेतल्या किंवा धुळ्याच्या कचेरीतल्या कारकुनाच्या पगारपत्रकात दरमहा दोनशे रुपये कापलेले दिसतात आणि फेब्रुवारीत तीनशे, ती ही ओळ. शहरातल्या पगारदाराचे पैसे साक्रीच्या किंवा चोपड्याच्या पाझर तलावावरच्या मजुराकडे जाण्याची वाट या ओळीतून निघाली. देणाऱ्याला आपण दिल्याचं कळत नाही, घेणाऱ्याला कुणापुढे हात पसरावा लागत नाही. कोनशिला नाही, नाव नाही. माझ्या मते श्रीमंतांनी द्यावं का, या प्रश्नाला महाराष्ट्राने दिलेलं सर्वांत प्रौढ उत्तर हे आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: सरकारी पैसा झिरपतो. खोटे मस्टर भरले गेले, यंत्राने खोदलेल्या तळ्यावर मजुरांचे अंगठे लागले. सगळं कबूल. पण खोट्या मस्टरला आपण चोरी म्हणू शकतो, कारण तिथे कुणाचा तरी हक्क बुडाला. एखाद्या शेठजींनी पुढल्या वर्षीपासून अन्नछत्र बंद केलं तर त्याला काय म्हणणार? तक्रार कुठल्या खिडकीवर द्यायची? झिरपणं हा हक्काचा दोष आहे, पण दानाला मुळात मोजमापच नसल्यामुळे ते किती झिरपलं हेसुद्धा सांगता येत नाही. हक्काने मिळालं की माणूस सुस्तावतो, या नेहमीच्या आक्षेपात मला दम वाटत नाही. मे महिन्यात कुदळ मारणाऱ्याला ऐतखाऊ म्हणायला वातानुकूलित खोली लागते.

दुसरा आक्षेप अधिक दमदार आहे: संपत्ती कुणीतरी निर्माण करतं, ती वाटायची सक्ती केली तर निर्माणच कोण करेल? या आक्षेपालाही अमळनेरातच जावं लागतं. २९ डिसेंबर १९४५ ला मोहम्मद हाशम प्रेमजी यांची वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी नोंदली गेली आणि वनस्पती तुपाचा कारखाना अमळनेरला निघाला. पुढे तिचंच नाव विप्रो झालं. गावातल्या पुष्कळ घरांनी तिचे शेअर घेतले आणि पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवले. त्यातून गावात जो पैसा आला तो कुणी दान म्हणून दिलेला नव्हता, ती भागीदारी होती. उद्योग आणि वाटा यांचं वैर असतंच असं नाही, याचा हा सरळ पुरावा. मात्र शेअर घ्यायला हाती चार पैसे शिल्लक लागतात. वनस्पतीसाठी शेंगा पिकवणाऱ्या रानातल्या सालदाराकडे ते नव्हते. म्हणजे बाजाराने वाटा दिला, पण ज्यांच्याकडे थोडं होतं त्यांनाच.

अझीम प्रेमजींनी १९६६ मध्ये, एकविसाव्या वर्षी, कंपनी हाती घेतली. २००१ मध्ये त्यांचं फाउंडेशन निघालं, २०१३ मध्ये त्यांनी संपत्तीचा मोठा भाग देण्याची जाहीर प्रतिज्ञा केली, आणि २०१९ पर्यंत दिलेल्या संपत्तीचं मूल्य सुमारे १,४५,००० कोटी रुपये सांगितलं गेलं. आपल्यावर गांधींच्या विश्वस्त-विचाराचा प्रभाव असल्याचं त्यांनी स्वतः लिहिलं आहे. धुळ्याच्या तुरुंगात मांडलेली फेडीची कल्पना आणि अमळनेरच्या तेलाचा पैसा इथे असे एकत्र येतात. एवढी मोठी रक्कम देशाच्या १४० कोटी माणसांत भागली तर माणशी हजार-अकराशे रुपये हातात पडतील, एका किराण्याचे. हा आकडा पुढे करून ‘वाटून काय होणार?’ असं विचारणारे चुकतात, कारण ढीग एकदाच वाटायचा नसतो, उत्पन्नातला वाटा दर वर्षी वळवायचा असतो. पण या आकड्याने दानाची मर्यादाही दिसते. फाउंडेशनला ती ओळखता आलेली दिसते, कारण त्यांचं मोठं काम सरकारी शाळांतल्या शिक्षकांबरोबर आहे. एवढा मोठा दाताही करावर चालणाऱ्या शाळेच्या वर्गातच जाऊन उभा राहतो. नवं करून पाहणं, चुकण्याची जोखीम घेणं, हे दानाने जरूर करावं. ज्याच्यावर माणसाची भाकर अवलंबून आहे ते मात्र एखाद्याच्या मोठेपणावर टांगून ठेवता येणार नाही.

मग कायद्याने वसूल करणाऱ्या राज्याने तरी आपली खातेवही नीट ठेवली का? घटनेतली व्यवसाय कराची मर्यादा १९८८ च्या दुरुस्तीने वर्षाला २५० वरून २,५०० रुपयांवर नेली, आणि ती तिथेच थांबली. त्यानंतर पगार कुठल्या कुठे गेले, मजुरीचे दर बदलले, ओट्यावरचं साल बदललं, सालदार मिळत नाही ही तक्रार नेहमीची झाली. महिना तीस हजारांचा कारकून आणि वर्षाला कोटी घेणारा अधिकारी, फेब्रुवारीच्या पगारपत्रकात दोघांच्याही नावापुढे तीनशेच रुपये कापलेले दिसतात.