सील गळालं, दोष कुणाचा?

जुन्या ट्रकच्या मागच्या चाकांच्या मधोमध एक मोठा लोखंडी फुगवटा दिसतो. तो डिफरन्शियल. इंजिनाकडून लांब शाफ्टमधून आलेली फिरकी इथे काटकोनात वळते आणि दोन्ही बाजूंच्या चाकांना मिळते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून ते आतल्या चाकापेक्षा जोरात फिरायला हवं. ती मुभाही हाच फुगवटा देतो. आतले दाते तेलात बुडून फिरतात. शाफ्टची ताकद ज्या तोंडातून आत शिरते, तिथे हे तेल अडवून धरतं ते रबराचं एक कडं: ऑईल सील. अख्ख्या ट्रकमधल्या सगळ्यात स्वस्त वस्तूंपैकी एक.

खरिपाचं धान निघालं की गोंदिया जिल्ह्यात ट्रकांना उसंत नसते. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या खरेदी केंद्रांवरून कट्टे भरायचे आणि राईस मिलवर उतरवायचे. वाटेत बांध्यांच्या कडेचे कच्चे रस्ते, त्यांची धूळ, अवकाळी आला तर चिखल. या कामात वय झालेले ट्रकही असतात, आणि त्यांच्या पोटाखाली जमिनीवर तेलाचा काळा डाग दिसला तर कुणाला नवल वाटत नाही. सील टाकून घेऊ, म्हणतात. टाकतात. आणि कधी कधी आठ दिवसांत पुन्हा थेंब सुरू होतो.

आता दोष कुणाचा? प्रश्न साधा दिसतो, पण उत्तराला पैसे चिकटलेले असतात. गळता गळता तेल संपलं तर दाते कोरडे घासतात आणि क्राऊन-पिनियनची जोडीच जाते. गळणारं सील चाकाकडचं असेल तर तेल ब्रेकच्या लायनरवर जातं, आणि मग प्रश्न ट्रकपुरताही राहत नाही.

मिस्त्री म्हणतो, माल डुप्लिकेट होता. ड्रायव्हर म्हणतो, मिस्त्रीनं घाईत ठोकलं. शेठ म्हणतो, ड्रायव्हर गाडी दामटतो. तिघांचंही खरं असू शकतं. पण एक गोष्ट बघा: तिघांनीही नेमकं तेच कारण निवडलं, जे आपल्या हातात नाही.

मुळात सील का गळतं? फिरून फिरून तेल तापतं, आतली हवा फुगते. ती बाहेर जावी म्हणून एक्सलच्या वर एक छोटं भोक असतं, ब्रीदर. ते चिखलानं बुजलं की दाब वाढतो आणि तेल सीलच्या ओठाखालून वाट काढतं. किंवा सीलचा ओठ वर्षानुवर्षं एकाच जागी टेकून फ्लँजवर चर पडलेली असते; नवं सील त्याच चरीवर बसतं. किंवा बेअरिंग ढिलं झालेलं असतं आणि डगमगत फिरणाऱ्या फ्लँजला रबर कुठवर धरून ठेवणार? जास्तीचा माल या सगळ्याला हातभार लावतो. म्हणजे फाटतं सील, बदलतात सील, शिव्याही सीललाच. दाब मात्र दुसरीकडूनच येत असतो.

जॉन स्टुअर्ट मिल यानं १८४३ सालच्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात म्हटलं होतं की खरं कारण म्हणजे सगळ्या परिस्थितींची बेरीज. त्यातली एक उचलून तिलाच कारण म्हणणं ही आपली सोय. बरोबर आहे. पण ट्रकखाली झोपलेल्या माणसाला बेरीज पान्यात धरता येत नाही. आणि सगळंच कारण असेल तर कुणालाच काही करायला नको.

१९४० साली आर. जी. कॉलिंगवूड यानं यातून वाट काढली. त्याचं उदाहरणही गाडीचंच आहे. वळणावर गाडी घसरते आणि उलटते. चालकाच्या दृष्टीनं कारण वेग, रस्ते खात्याच्या दृष्टीनं रस्त्याचा पृष्ठभाग, गाडी बनवणाऱ्याच्या दृष्टीनं गाडीची रचना. तो म्हणतो, ज्याच्या त्याच्यासाठी कारण म्हणजे अशी परिस्थिती, जी त्याला स्वतःला घडवता किंवा टाळता येते.

आपण नेमकं याच्या उलट वागतो. अपघाताची क्लिप फोनवर येते तेव्हाही आपण आधी दुसऱ्याच्या हातातलं कारण शोधतो.

कॉलिंगवूडचा नियम ट्रकला लावून बघू. मिस्त्रीच्या हातात काय आहे? नट सोडण्याआधी त्याच्यावर खूण करणं, म्हणजे परत तेवढाच आवळता येईल. फ्लँजवर नख फिरवून चर लागते का बघणं, ती हलवून बेअरिंगचा अंदाज घेणं. ब्रीदर साफ करणं. सील तिरकं न जाता सारखं बसवणं. यातलं जवळजवळ काहीच गिऱ्हाईकाला दिसत नाही. ड्रायव्हरच्या हातात आहे सकाळी खाली वाकून डाग बघणं आणि तेलाची पातळी तपासून घेणं. शेठच्या हातात आहे फ्लँजचा खर्च मंजूर करणं, गाडी एक दिवस उभी ठेवणं, आणि किती कट्टे भरायचे ते ठरवणं.

इथे एक धोका आहे. 'आपापल्या हातातलं बघा' हे वाक्य वरच्यांनी खालच्यांना ऐकवायला फार सोयीचं आहे. ड्रायव्हरनं डाग दाखवला आणि उत्तर मिळालं, 'सीझन आहे, तेल टाकून चालव', तर त्याचा हात तिथेच संपला. पुढे क्राऊन जळालं म्हणून पगार कापायचा तर तो त्याचाच, हा न्याय नाही. ही सीललाच शिव्या देण्याची सवय झाली. ज्याच्या हातात जास्त, त्याच्या वाट्याला कारणंही जास्त यायला हवीत. कायद्यालाही हे थोडंफार कळतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, जादा मालासाठी २०,००० रुपये आणि वरच्या दर टनामागे २,००० रुपये दंड आहे. त्यात गाडी चालवणारा येतो, तसाच चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही येतो.

म्हणून सील पुन्हा गळालं तर 'कुणी केलं?' याआधी दोन प्रश्न विचारावेत. यातलं माझ्या हातात काय होतं? आणि ज्याला मी दोष देतोय, त्याच्या हातात खरंच काही होतं का? पहिल्याचं उत्तर द्यायला कपडे तेलकट करावे लागतात. दुसऱ्याचं उत्तर कधी कधी शेठलाच द्यावं लागतं, म्हणून ते बहुतेक वेळा विचारलंच जात नाही.