कारण आणि दोष

परिचयातील एका घरी मुलीचे ठरत आलेले लग्न मोडले. आपल्याला ‘पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम’ हा विकार असल्याचे तिने स्वतःच वरपक्षास प्रामाणिकपणे सांगितले होते. मी भेटीस गेलो तेव्हा तिच्या आईने विचारले, “दादा, आमच्या रक्तातच दोष आहे का हो?” शब्दांशी रोज झटणाऱ्या मला त्या प्रश्नातील ‘दोष’ हा शब्द खुपला.

१९३५ साली शिकागोच्या स्टाइन व लेव्हेन्थल या डॉक्टरांनी सात स्त्रियांच्या अभ्यासातून या विकाराचे वर्णन केले. अनियमित पाळी, चेहऱ्यावर केस व गर्भधारणेतील अडचण ही त्याची प्रमुख लक्षणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ सालच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील शंभरांपैकी ८ ते १३ स्त्रियांना तो होता. २००६ साली नेदरलँड्समधील जुळ्या बहिणींच्या अभ्यासातून आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७० टक्के असल्याचे दिसले. २०१८ साली दहा हजारांवर रुग्ण स्त्रियांची एक लाखाहून अधिक इतर स्त्रियांशी तुलना झाली; तीत जनुकसंचातील १४ ठिकाणे या विकाराशी निगडित आढळली. प्रत्येक ठिकाणाचा परिणाम मात्र अल्प. शिवाय हा वारसा आईप्रमाणेच पित्याकडूनही येतो.

विज्ञान येथे कारण सांगते. समाज मात्र त्याचा दोष करून टाकतो. जेथे वेगळे वागण्याची मोकळीक होती, तेथेच दोषाचा प्रश्न उद्भवतो. आपली जनुके कोणी निवडली आहेत? जन्मांध मनुष्याविषयी पाप कोणाचे, त्याचे की आईबापांचे, असे शिष्यांनी विचारले, तेव्हा प्रभूने दोन्ही पर्याय नाकारले. अनुवादाच्या सातव्या अध्यायात अपत्यहीनतेसाठी इब्री भाषेत पुल्लिंगी व स्त्रीलिंगी असे दोन्ही शब्द शेजारी शेजारी येतात. आपल्या बोलण्यात मात्र ‘वांझ’ हा शब्द बाईच्याच वाट्याला येतो.

मग ‘रक्तातच आहे’ म्हणून हातपाय गाळावेत काय? मुळीच नाही. या विकारात मधुमेहाचा धोका वाढतो; म्हणून वेळेवर तपासणी, व्यायाम, योग्य आहार व औषधोपचार आवश्यक आहेत. पुष्कळ स्त्रियांना मातृत्वही लाभते. कारणाचे ज्ञान आपल्यावर काळजी घेण्याची जबाबदारी टाकते; कोणाचा न्याय करण्याचा अधिकार देत नाही.

त्या मुलीने खरे सांगितले आणि तिला त्याची शिक्षा झाली. उद्या दुसरी मुलगी लपवील, तेव्हा आपण तिलाच लबाड म्हणू काय? जी मंडळी सत्य बोलणाऱ्याला आसरा देत नाही, तिने सत्याचा उपदेश कोणत्या तोंडाने करावा?

मी त्या माउलीला एवढेच म्हणालो, “बाई, रक्तात कारण असेल. दोष आमच्या ऐकण्यात आहे.”