कोरडी न्हाणी

दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, भातकुली. पूर्णेच्या खोऱ्यातल्या या गावांमध्ये घरातला नळ पाहिला की जमिनीखालच्या पाण्याची जात कळते. नळाच्या मानेभोवती पांढरं कडं असतं, बादलीला आतून खरखरीत थर असतो, टाइल्सवर वरून खाली ओघळलेले पांढुरके पट्टे असतात आणि शॉवर असलाच तर त्याची निम्मी भोकं बुजलेली असतात. हा आपला खारपाणपट्टा. शहरांची गोष्ट थोडी वेगळी. अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणाचं पाणी येतं, अमरावतीला सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणाचं. पण उन्हाळ्यात अकोल्याचे नळ कित्येक दिवसांनी येतात, मग घरोघरच्या बोअर सुरू होतात आणि न्हाणीघरात तोच पांढरा थर चढू लागतो. बायका सांगतात, कितीही घासलं तरी निघत नाही. त्यांचं म्हणणं खरं आहे. तो नुसत्या घासण्याने निघणारा मळच नाही.

बोअरच्या पाण्यात चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. आंघोळ झाली, भिंतीवर पाणी राहिलं, ते वाळलं. पाणी हवेत गेलं आणि क्षार भिंतीवर राहिले. दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी एक पापुद्रा चढला. वर्षभरात त्याचा दगड होतो. साबणही या पाण्यात नीट फेसाळत नाही. क्षारांशी मिळून त्याची चिकट, राखाडी साय बनते आणि ती बादलीच्या काठाला व भिंतीच्या खालच्या हातभर भागाला धरते. म्हणजे आपल्याकडच्या न्हाणीघरातली बरीचशी घाण बाहेरून आलेली नसते. आपण ज्या पाण्याने अंग स्वच्छ केलं, तेच वाळताना ती मागे ठेवून जातं.

हे एकदा ध्यानात आलं की कामाचा क्रमच बदलतो. पाणी वाळायच्या आत पुसून घेतलं तर क्षार साचायला जागाच उरत नाही. आंघोळ झाल्यावर भिंतीवरून एकदा वायपर ओढायचा, नळ आणि त्याची मान जुन्या सुती फडक्याने कोरडी करायची, फरशीवरचं पाणी जाळीकडे लोटायचं. दोन मिनिटांचं काम आहे. न्हाणी घासण्याबद्दल मला जे काही सांगायचं आहे, त्याचा गाभा या दोन मिनिटांत आहे. बाकी सगळे उपाय ही दोन मिनिटं चुकल्यानंतरचे आहेत.

वऱ्हाडातल्या जुन्या बायकांना रसायनशास्त्र कोणी शिकवलं नव्हतं, पण “आंघोय झाली ना बापू, मंग न्हानी कोरडी करूनच भायेर ये,” असं त्या पोराला सांगायच्या. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा तर ही गोष्ट आणखी खरी ठरते. भिंत बघता बघता वाळते आणि थर झपाट्याने चढतो. पावसाळ्यात उलट होतं. भिंत दिवसभर वाळतच नाही आणि टाइल्सच्या सांध्यांत काळी बुरशी धरते. दोन्ही ऋतूंत इलाज एकच, अंगावर घेतलेलं पाणी खोलीत मागे सोडायचं नाही. दार आणि खिडकी थोडा वेळ उघडी ठेवली की उरलेली ओलही निघून जाते.

आता चढलेल्या थराविषयी. आधी तो कसला आहे ते पाहावं. विटांच्या भिंतीला लोणा लागतो तशी भुरभुरीत पांढरी पूड असेल, तर ती ओल्या फडक्याने निघते. ते पाण्यात विरघळणारं मीठ असतं. नखाने खरवडूनही न निघणारा कठीण थर चुन्याचा. तो साबणाला दाद देत नाही, त्याला आंबट काहीतरी लागतं. किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व पाण्यात विरघळवून त्यात फडकं भिजवायचं, नळाभोवती गुंडाळायचं आणि अर्धा तास तसंच ठेवायचं. उन्हाळ्यात फडकं वाळू द्यायचं नाही, मधूनमधून भिजवत राहायचं. थर मऊ पडला की जुन्या टूथब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवायचा आणि नळ पुसायचा. इथे घाई उपयोगाची नाही. जोर लावून तारेच्या घासणीने घासलं तर नळाचा मुलामा जातो आणि पुढच्या वेळी थर त्या ओरखड्यांतच घट्ट धरतो.

लिंबूसत्त्वात किंवा व्हिनेगरमध्ये खायचा सोडा घालून फेस काढायची पद्धत अलीकडे घराघरांत पोचली आहे. फेस दिसतो खरा, पण त्या फेसात आम्ल आणि सोडा एकमेकांना संपवत असतात. मागे उरतं ते जवळजवळ साधं पाणी. आम्ल एकटंच वापरावं. सोडाही एकटाच वापरावा, तेलकट साय काढायला तो चांगला.

सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते फरशीचं. आपल्याकडच्या जुन्या न्हाण्यांत शहाबादी फरशी असते, ओट्याला कडप्पा असतो, काही घरांत कोटा असतो. हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत. नळावरचा थर ज्या चुन्याचा, त्याच चुन्याचा हा दगड. आम्लाला दोन्हींतला फरक कळत नाही. बाजारात बाटलीत मिळणारं तीव्र ॲसिड शहाबादीवर ओतलं की फसफस होते, आणि घाण निघते आहे असं समजून आपल्याला समाधान वाटतं. प्रत्यक्षात फरशीच विरघळत असते. तिचा गुळगुळीतपणा जातो, बारीक खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांत पूर्वीपेक्षा जास्त मळ बसतो. मग पुन्हा ॲसिड येतं. अशा फरशीवर लिंबूसुद्धा घासू नये. साबणाचं कोमट पाणी टाकावं, दहा मिनिटं थांबावं, ताठ खराट्याने घासावं आणि ती कोरडी करावी, एवढंच.

एक गोष्ट मात्र जिवाशी संबंधित आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका, एकापाठोपाठ एक असंही टाकू नका. दोन्ही मिळाले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या इप्रच्या रणभूमीवर जर्मन सैन्याने हाच वायू शत्रूच्या खंदकांवर सोडला होता. वऱ्हाडातल्या न्हाण्या लहान, खिडकी एखादीच, तीही बऱ्याचदा बंद. थंडीच्या दिवसांत दार लावून आत घासत बसलेल्या बाईला खोकल्याची उबळ आणि डोळ्यांत आग सुरू झाली, तर तिने त्या क्षणी बाहेर यावं, दार सताड उघडं ठेवावं आणि वास पुरता गेल्याशिवाय आत पाय ठेवू नये. रसायन कोणतंही असो, एका दिवशी एकच वापरावं.

ब्लीचिंग पावडर वापरायची तर आधी मळ घासून काढून मगच. मळावर टाकलेली पावडर मळाशीच झुंजण्यात खर्ची पडते, जंतूंपर्यंत पोचत नाही. स्वच्छ केलेल्या जागेवर तिचं पाणी दहा मिनिटं राहू द्यावं. फिनाईलचा वास आला म्हणजे न्हाणी स्वच्छ झाली, असं आपण मनाशी धरून बसलो आहोत. पण दुर्गंध येतो तो जाळीखालून. नहाणी ट्रॅपमध्ये केसांचा गुंता आणि साबणाची साय अडकलेली असते. जाळी उचलून, हातात मोजा घालून तो गुंता बाहेर काढावा लागतो. घर पंधरा दिवस बंद राहिलं तर ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि गटाराचा वास सरळ वर येतो. त्यावर उपाय म्हणजे तांब्याभर पाणी.

घासताना वरून खाली यावं आणि संडास शेवटी घ्यावा. त्याचा ब्रश, त्याचं फडकं वेगळं. ते दुसरीकडे कुठेही लागू नये.

ज्या घरांत पाणी साठवावं लागतं, त्या घरांना ड्रम आणि टाकीचंही पाहावं लागतं. डेंग्यू पसरवणारा एडिस डास भांड्याच्या आतल्या भिंतीला, पाण्याच्या कडेला अंडी चिकटवतो. पाणी ओतून दिलं तरी अंडी तिथेच राहतात, कोरडी पडून महिनोन्‌महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. आरोग्य खातं आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतं, त्याचं कारण हे. त्या दिवशी ड्रम रिकामा करणं पुरेसं नाही. त्याची आतली भिंत घासली पाहिजे आणि तो उन्हात पालथा घातला पाहिजे. पाणी चार दिवस पुरवायचं असेल तेव्हा साठवलेलं ओतून देणं जिवावर येतं, हे मला समजतं. म्हणून नळ यायच्या आदल्या दिवशी, ड्रम तळाला गेलेला असताना हे काम करावं. उरलेलं पाणी संडास धुवायला वापरावं.

आणि हे सगळं करायचं कोणी? इथे मला गाडगेबाबांचं नाव घ्यावंच लागतं. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावी त्यांचा जन्म झाला. मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, मामाच्या घरी ते वाढले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावला पेढी नदीच्या पुलावर त्यांनी देह ठेवला. त्यांच्या आयुष्याच्या दोन्ही टोकांना वऱ्हाडची माती आहे. गावात आले की कोणाशी बोलायच्या आधी ते खराटा हाती घेत. गाव झाडून व्हायचं, मग संध्याकाळी कीर्तन. अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचं नाव आहे, राज्याच्या ग्रामस्वच्छता अभियानालाही आहे. मला त्यांच्या कामातला क्रम फार मोलाचा वाटतो. लोक येऊन बसण्याआधी त्यांच्यासाठी जागा स्वच्छ असली पाहिजे. ती कोणी स्वच्छ केली, हे बसणाऱ्याला कळण्याची गरज नाही.

आपल्या घरांत नेमकं उलट चाललेलं असतं. पाच माणसं आंघोळ करतात आणि एकटी बाई सगळ्यांच्या मागून घासते. ज्यांना परवडतं ते कामवाली लावतात, आणि मग ॲसिडचा धूर तिच्या छातीत जातो. जाळीतून आपण जे ओततो ते पुढे कुठे जातं, याचाही विचार व्हायला हवा. अनेक वस्त्यांत घरामागे सेप्टिक टँक असतो. त्यातले जिवाणू मैला कुजवण्याचं काम करत असतात. बाटल्या भरभरून ॲसिड आणि ब्लीच गेलं की ते मरतात, टाकी लवकर भरते आणि ती उपसायला कोणाला तरी बोलवावं लागतं. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणं गुन्हा ठरवलं आहे, तरी टाक्यांत माणसं मरतात. न्हाणीतल्या रसायनाचा हिशोब तिथपर्यंत जातो.

याच महाराष्ट्रात अप्पासाहेब पटवर्धन होऊन गेले. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम आपल्याला द्यावं असं मागितलं. उच्चवर्णीय कैद्याला ते देता येत नाही, असं उत्तर आलं, म्हणून त्यांनी अन्न कमी केलं. त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी त्या डिसेंबरात येरवड्यात उपवास धरला. आपली घाण आपण उचलण्याच्या हक्कासाठी माणसं उपाशी राहिली. आपल्याला तर तो हक्क घरबसल्या मिळाला आहे, आणि घरातले पुरुष व मुलगे तो सर्वांत कमी वापरतात.

म्हणून न्हाणीच्या दारामागे एक खिळा ठोका. त्याला वायपर आणि एक सुती फडकं अडकवा. सात वर्षांच्या मुलापासून आजोबांपर्यंत, जो आंघोळ करेल त्याने भिंतीवरून वायपर ओढून, नळ पुसून, फरशीवरचं पाणी लोटूनच बाहेर यायचं, असा घराचा नियम करा. आठवड्यातून एक दिवस नीट घासणी होऊ द्या आणि ती आळीपाळीने होऊ द्या. आईची पाळी इतरांइतकीच यावी, एकीनेही जास्त नको.